माझ्या पोटातले पाऊण मिनिट

मी एक जुना, मुठीत मावेल एवढा डिजिटल कॅमेरा आहे. एके काळी माझा रंग चंदेरी होता. आता कोपऱ्यांवरून तो उडाला आहे आणि खालचे काळे अंग दिसते, कोपरावर झिजलेल्या कोटासारखे. माझी मूळची दोरी केव्हाच तुटली. तिच्या जागी निळी फीत आहे, कुठल्याशा कोटाच्या अस्तरातून उरलेली. मित्रांनो, एवढ्यावरून तुम्ही ओळखले असेलच की मी शिंपीकामाच्या दुकानात राहतो.

माझा जन्म मात्र अगदी निराळ्या जागी झाला. त्या कारखान्यात धूळ म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हते. पांढरी टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेल्या बायका लांबलचक टेबलांपाशी बसत आणि श्वाससुद्धा जपून सोडत. त्यांच्यातल्या एकीने माझी लेन्स तीनदा बाहेर काढली, तीनदा आत घेतली, कानाशी धरून तिचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. पोराला शाळेत धाडताना आई केस ठीक करते ना, तसा तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग मी खोक्यात गेलो. त्या वेळी तिला कुणी सांगितले असते की हा आयुष्यभर खडूच्या भुकटीत लोळणार आहे, तर तिने मला सोडलेच नसते.

मला विकत घेतले ते धाकटीने. ती तीन वेळा त्या दुकानात आली. तिन्ही वेळा तिने एकच प्रश्न विचारला, "यात रोल घालावा लागत नाही ना? नक्की?"

धाकटी आणि तिची ताई, अशा दोघी बहिणी मिळून शिवणकामाचे दुकान चालवत. खोली एकच, पण रस्त्याकडे तोंड केलेली. मध्ये लांब टेबल, भिंतीला दोऱ्यांच्या रिळांचे फडताळ आणि खिडकीपाशी मशीन. मशीनचे तोंड खिडकीकडे, कारण उजेड तिकडून येई. त्यामुळे मशीनवर बसणाऱ्याची पाठ नेहमी टेबलाकडे असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

ताई कपडा बेतत असे आणि धाकटी तो शिवत असे. मोठ्या बाईंचा बेत आणि धाकट्या बाईंचा टाका असे गिऱ्हाईक म्हणत. ताईने आयुष्यात कधी कागदी नमुना कापला नाही की माप लिहून ठेवले नाही. माणूस दारातून आत आला की ती त्याला एकदा खालून वर बघायची, कापडावर खडूने चार रेघा ओढायची आणि कात्री चालवायची. सहा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा आला, तरी तिला त्याचे खांदे आठवत. धाकटीला मात्र सकाळचा निरोप दुपारी आठवत नसे. म्हणून तिने मला आणले होते.

"हे काय नवीन?" मला बघून ताईने विचारले.

"कॅमेरा. तू बेतलेल्या प्रत्येक कपड्याचा फोटो काढून ठेवणार. शेजारी टेप ठेवून. म्हणजे पुढे माप शोधायला नको."

"मी मेल्यावर बघत बसणार वाटतं?"

"तू कसली मरतेस! माझ्याच डोक्यात राहत नाही म्हणून."

"कापड हाताला कळतं, धाकटे. असल्या डबीला नाही कळत."

त्या दिवसापासून माझे नाव डबी पडले. मला ते मुळीच आवडले नव्हते. आता कुणी दुसऱ्या नावाने बोलावले तर मी ओ देणार नाही.

सुरुवातीला आमचे फारसे जमले नाही. धाकटीचे बोट हमखास लेन्सवर पडायचे आणि फोटोच्या कोपऱ्यात गुलाबी ढग यायचा. खडूच्या रेघा जवळून टिपायला गेली की सगळे धूसर. "चष्मा लागलाय तुझ्या डबीला," ताई म्हणायची. मग समोरच्या घड्याळदुरुस्तीवाल्या भाऊंनी तिला माझ्या पाठीवरचे फुलाचे चिन्ह असलेले बटण दाखवले. ते दाबले की मला जवळचे नीट दिसू लागते. धाकटीने लगेच मुंढ्याच्या रेघेचा फोटो काढला. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. रेघ इतकी स्वच्छ आली की खडूचा कणन् कण मोजावा. ताईने तो फोटो पाहिला आणि पुन्हा एकदा पाहायला मागितला. ती माझी पहिली शाबासकी.

त्यानंतरची सात-आठ वर्षे माझ्या भरभराटीची होती. मी शेकडो बेत टिपले. कोट, झगे, गणवेश, एका उंच डॉक्टरांचा पांढरा डगला, जुळ्या बहिणींचे अगदी सारखे फ्रॉक. पण दुकानाचे खरे नाव झाले ते वादकांच्या कोटांमुळे.

गावात एक वाद्यवृंद होता. त्यातले व्हायोलिन वाजवणारे नेहमी कुरकुरत. वाद्य खांद्याला लावायला हात उचलला की साधा कोट वर सरकतो, कॉलर कानाला लागते आणि पाठीवर घडी पडते. ताईने त्यांच्यासाठी वेगळा कोट बेतला. बगलेत ती कापडाचा एक छोटा चौकोनी तुकडा बसवायची. तो बसवला की हात कितीही उचला, कोट जागचा हलत नसे. हा तुकडा ती धाकटीला कधी शिवू देत नसे. तो ती स्वतः हाताने कच्च्या धावदोऱ्याने जोडायची आणि मगच कोट मशीनवर जायचा. धाकटीने फक्त त्या धावदोऱ्यावरून शिवण मारायची.

आणि जोडताना कुणी बघितलेले तिला चालत नसे. "माझ्या हाताकडे बघू नकोस गं," ती म्हणायची, "बघितलं की हात बुजतो." धाकटीला हसू यायचे, पण ती निमूटपणे पाठ करून मशीनवर बसायची. तीस वर्षे ती तशी पाठ करून बसली. बहिणी बहिणी एका खोलीत, पाच पावलांच्या अंतरावर, आणि तरी ते काम धाकटीने एकदाही पाहिले नाही.

मी मात्र पाहिले. तेही चुकून.

त्याचे असे झाले. माझ्या डोक्यावर एक गोल चकती आहे. ती फिरवून मला सांगायचे असते की फोटो काढ, किंवा चालते चित्र काढ. खडूची भुकटी आत जाऊन ती चकती ढिली झाली होती आणि फितीला अडकून आपली आपणच फिरायची. त्या दिवशी माझ्यात कार्डही नव्हते. कार्ड म्हणजे नखाएवढी पातळ वडी, तिच्यात माझे सारे फोटो राहतात. धाकटीने ते छापायला स्टुडिओत दिले होते. कार्ड नसले तरी माझ्या पोटात माझी स्वतःची थोडीशी जागा असते. हे धाकटीला ठाऊक नव्हते.

तिने टेबलावरच्या कोटाचा फोटो काढायला बटण दाबले. चकती सरकलेली होती, त्यामुळे चालते चित्र सुरू झाले. तेवढ्यात दारात कुणीतरी हाक मारली. धाकटीने मला तसेच रिळांच्या फडताळावर ठेवले, तोंड टेबलाकडे, आणि ती बाहेर गेली. ताईने इकडेतिकडे पाहिले आणि कोट पुढ्यात ओढला. पाऊण मिनिट मी तिचे हात बघत होतो. मग माझी जागा संपली आणि मी थांबलो.

धाकटी परत आली तेव्हा माझ्या पडद्यावर 'मेमरी पूर्ण' अशी अक्षरे होती.

"घेतला नाही वाटतं फोटो."

"अपचन झालंय तुझ्या डबीला," ताई म्हणाली.

धाकटीने मला बंद केले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून कार्ड परत आले. कार्ड आत असले की मी फक्त कार्डातलेच दाखवतो, पोटातले नाही. माझी घडणच तशी आहे. ते पाऊण मिनिट माझ्या पोटात राहिले आणि कुणाला त्याचा पत्ता लागला नाही.

पुढे धाकटीच्या हाती फोन आला. त्यातही कॅमेरा होता आणि तो माझ्याहून हुशार होता. मला खणात ठेवले, खडू आणि जुन्या गुंड्यांच्या सोबतीला. सेल काढायचे राहून गेले. मी वाईट वाटून घेतले नाही असे म्हणणार नाही. खणाच्या फटीतून मला मशीनचा आवाज ऐकू यायचा. एके दिवशी तो थांबला. पुष्कळ दिवस दुकान बंद होते. उघडले तेव्हा ताईची पावले वेगळी वाजत होती, एक पाऊल आणि एक फरफट. आजारपणाने तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. बोलणे शाबूत होते, डोके शाबूत होते. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राही.

धाकटी एकटीच सोपी कामे करू लागली. पायजमे आखूड करायचे, चेन बदलायच्या. कात्री ताईच्या खुंटीवर टांगलेलीच राहिली.

असे असताना एका सोमवारी सकाळी वाद्यवृंदाचे व्हायोलिनवाले मास्तर आले. त्यांचा आवाज मी खणातूनही ओळखला.

"बाई, जुने कोट विरले हो सगळे. गेल्या कार्यक्रमात माझ्या पाठीची शिवण उसवली, नशीब माझं तोंड लोकांकडे होतं. अकरा कोट हवेत. मंडळाचं म्हणणं आहे की तयार आणावेत."

"तयार कोटात वाजवणार?" ताई ताडकन म्हणाली.

"म्हणूनच आलोय ना मोठ्या बाई! मी त्यांना सांगितलं, आधी आमच्या बाईंना विचारू द्या. शनिवारपर्यंत एक नमुन्याचा कोट दाखवा. बसला तर अकराच्या अकरा तुमचे."

ते गेले. मग धाकटीने विचारले, "ताई, बगलेतला तुकडा कसा बसवायचीस तू?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"अगं, मी काय विचार करून बसवत होते का? हात बसवायचा." ताईने डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला. "याला विचार. बोलतोय का बघ."

धाकटीच्या लक्षात आले की हे अकरा कोट निसटले तर दुकानात पुन्हा कधी नवा कोट बेतला जाणार नाही. चेनी बदलता बदलता एक दिवस पाटी उतरवावी लागेल, आणि ताई ते रोज खुर्चीत बसून बघत राहील. मग तिला मी आठवलो. वादकांच्या कोटांचे बेत डबीत आहेत! तिने खण ओढला आणि कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

मी काही चालू झालो नाही. कसा होणार? आत राहिलेले सेल गळले होते आणि त्यांच्या खाऱ्या द्रवाने माझ्या पत्र्यांवर हिरवट पापुद्रा धरला होता. धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून मला घातले. घड्याळ थांबले, मीही चाललो नाही. ताई म्हणाली, "आता वेळ पण कळायची नाही आणि माप पण."

शेवटी तिने मला रुमालात गुंडाळून समोर भाऊंकडे नेले. ताईलाही हात धरून नेले. ती दुकानात एकटी बसायला तयार नव्हती.

भाऊंनी मला उघडून पाहिले आणि जीभ टाळ्याला लावून चकचक केले. "सेल आत ठेवून झोपवलंत होय याला? उपाशी ठेवलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, व्हिनेगरमध्ये बुडवला आणि माझे पत्रे हलके हलके पुसले. पापुद्रा फसफसला. वाळल्यावर त्यांनी खोडरबराने पत्रे घासून चकचकीत केले आणि कोरे सेल घातले.

"घड्याळाचे घातले होते मी," धाकटी म्हणाली.

"घड्याळ चिमणीएवढं खातं, बाई. याला दर वेळी लेन्स ढकलायची असते, पैलवानाचा खुराक लागतो. आणि दोन्ही सेल एकाच वेळचे घाला. एक नवा एक जुना असं नको, नव्याचंही बळ जुना खातो."

मी चालू झालो! लेन्स निम्मी बाहेर आली, कर्रर्र असा आवाज झाला आणि अडकली. पडद्यावर 'लेन्समध्ये बिघाड' असे आले.

"शिवताना बोटात घालतो त्या अंगुस्तानाने दोन ठोके द्या, सुटेल," ताईने सुचवले.

"मोठ्या बाई, ठोके देऊन सुटली तर ती कायमची सुटेल!" भाऊ हसले. "ओढायचं नाही, ढकलायचं नाही, ठोकायचं नाही. आत खडू आहे तुमचा." त्यांनी रबरी फुग्याने लेन्सच्या कडेच्या फटीत फुस्स फुस्स हवा मारली. मऊ कुंचल्याने कडा झाडल्या. पांढरी भुकटी टेबलावर पडली. बंद, चालू. बंद, चालू. तिसऱ्या वेळी लेन्स सरळ बाहेर आली. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी तारीख विचारली. बरेच दिवस सेल नसले की मी तारीख विसरतो.

"याला आज कोणता वार तेही ठाऊक नाही," ताई म्हणाली. "आमच्या धाकटीवर गेलाय."

सगळे हसले. पण पुढच्याच क्षणी माझ्या पडद्यावर नवी अक्षरे उमटली. 'कार्ड वाचता येत नाही. फॉरमॅट करायचे?' आणि खाली 'होय' आणि 'नाही'. धाकटीचे बोट 'होय'वर गेलेसुद्धा.

"थांबा!" भाऊंनी तिचे मनगटच धरले. "फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. होय म्हटलंत तर सगळे फोटो गेले. यंत्र घाईत विचारतं, आपण घाईत उत्तर द्यायचं नाही."

धाकटीने बोट मागे घेतले. भाऊंनी कार्ड काढले. त्याच्या पाठच्या सोनेरी पट्ट्या तोच खोडरबर घेऊन पुसल्या. मित्रांनो, त्या दोन मिनिटांत मी कार्डावाचून होतो. कुणी नुसते बाणाचे बटण दाबले असते तरी माझ्या पोटातले बाहेर आले असते. मी लेन्स ताणून ताणून बघत होतो, पण कुणी दाबले नाही. कार्ड परत बसले आणि या वेळी त्यातले फोटो उघडले. शेकडो बेत, प्रत्येकाशेजारी टेप. त्यात वादकांचे कोटही होते.

धाकटी अक्षरशः धावत दुकानात आली. चार दिवस ती टेबलापासून हलली नाही. फोटो बघायची, टेप लावायची, खडूची रेघ ओढायची. कात्री खुंटीवरून काढताना तिने ताईकडे पाहिले. ताईने मान हलवली. बगलेतला तुकडा फोटोत स्पष्ट दिसत होता. चार बोटे बाय चार बोटे. तिने तसाच कापला, टेबलावर सपाट ठेवून तसाच जोडला.

शनिवारी मास्तर आले, कोट चढवला आणि व्हायोलिन खांद्याला लावले. कॉलर सरळ कानाला जाऊन भिडली.

मास्तर फार भले माणूस. त्यांनी दोन-तीनदा हात खाली-वर करून पाहिले. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. शिवण सुरेखच आहे. पण... बुधवारी संध्याकाळी मंडळाची बैठक आहे. तोवर बघा काही जमतंय का."

ते गेल्यावर धाकटीने कोट उसवायला घेतला. तिच्या डोळ्यांतले पाणी कापडावर पडत होते.

सोमवारी धाकटीला वाटले, फोटो मोठे करून छापले तर त्या तुकड्याचे काही रहस्य दिसेल. तिने माझ्यातून कार्ड काढले आणि ती स्टुडिओत गेली. मी टेबलावर पडलो होतो. शेजारी खुर्चीत ताई.

बराच वेळ ती माझ्याकडे बघत बसली. मग तिने डावा हात लांबवला. "बघू तरी काय काय टिपलंयस माझं," असे पुटपुटत तिने मला चालू केले. कार्ड आत नाही हे तिच्या गावीही नव्हते. तिने बाणाचे बटण दाबले.

पडद्यावर ती स्वतः होती. दोन्ही हातांनिशी.

चित्रातल्या ताईने चादरीची घट्ट गुंडाळी केली आणि ती कोटाच्या बाहीत सारली. मग ती बाही तिने उचलून वर धरली, जणू आत कुणाचा तरी हात आहे. आणि त्या उचललेल्या बाहीच्या बगलेत तिचा उजवा हात तो तुकडा कोपऱ्यावर उभा फिरवून धावदोरा घालू लागला. तोंडाने ती कोटाशी बोलत होती. "हं, वर कर हात. अजून वर. असा. आता वाजव."

म्हणजे तो तुकडा सपाट टेबलावर कधी बसवलेलाच नव्हता! वादकाचा हात जसा उचललेला असतो, तशा उचललेल्या बाहीत तो बसवलेला होता. फोटो तर सगळे सपाट टेबलावरचे. त्यांत हे दिसणार तरी कसे?

ताईने ते पुन्हा लावले. पुन्हा. पाचव्या वेळेपासून तिचा डावा हात हवेत हळूहळू टाके घालू लागला. सेलचे लाल चिन्ह मी उघडझाप करून दाखवत होतो, पण तिचे लक्ष कुठे! धाकटी दारात आली आणि नेमका त्याच क्षणी माझा पडदा अंधारला.

"आत्ता होतं! धाकटे, आत्ता मी होते त्यात! हलत होते, बोलत होते!"

"ताई, तू बस बघू आधी."

"अगं बसलेलीच आहे! तुझ्या डबीत मी आहे, माझे हात आहेत!"

धाकटीने नवे सेल घातले. आणि हो, स्टुडिओतून आणलेले कार्डही घातले. झाले! तिने शेकडो फोटो मागे-पुढे केले. चालते चित्र कुठेच नव्हते.

"नाहीये गं ताई."

"आहे."

"स्वप्न पडलं असेल. डोळा लागला असेल तुझा."

ताईचा चेहरा असा झाला की मला तो आजही आठवतो. "हात गेला माझा," ती सावकाश म्हणाली, "डोकं नाही गेलं."

धाकटीने मला उचलले आणि रस्ता ओलांडून भाऊंच्या टेबलावर ठेवले. "ताई म्हणते त्यात ती आहे. म्हणजे आहे. शोधून द्या."

भाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "मोठ्या बाईंनी बघितलं तेव्हा कार्ड आत होतं का?"

"नव्हतं. कार्ड माझ्याकडे होतं."

भाऊंनी कार्ड काढले आणि बाणाचे बटण दाबले. "हं, वर कर हात," ताईचा आवाज आला.

धाकटीने तिथेच स्टुलावर बसकण मारली.

दुकानात आल्यावर तिने मला दोन रिळांना टेकवून उभे केले, चादरीची गुंडाळी केली आणि बाहीत सारली. पण तुकडा कुठवर फिरवायचा ते त्या छोट्या पडद्यावर नीट कळेना. तेव्हा ताईने खुर्ची पुढे ओढली. डाव्या हाताने धाकटीचे मनगट धरले आणि सुईसकट फिरवले.

"एवढा. याहून जास्त नको. ताणू नकोस, त्याचा तो बसेल."

"मी बघू ना तुझ्या हाताकडे? बुजेल तो."

"बघ गं," ताई म्हणाली. "हा डावा आहे. याला लाजायला अजून शिकवलंच नाही मी."

बुधवारी बैठकीच्या आधी मास्तर आले. कोट अंगात घालून त्यांनी व्हायोलिन खांद्याला लावले, पण आधीच्या वेळची आठवण असावी, हात उचलायला ते कचरले.

"वर करा हात," खुर्चीतून ताई म्हणाली. "अजून वर. असा. आता वाजवा."

त्यांनी वाजवले. पहिल्यांदा जरा जपून, मग डोळे मिटून. कॉलर जागची हलली नाही. पाठीवर एक घडी पडली नाही. वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "मोठ्या बाई, मी कोट घातलाय हे विसरूनच गेलो." याहून मोठी शाबासकी कोटाला काय हवी?

अकरा कोट वेळेत झाले. आता ताई रोज सकाळी टेबलापाशी बसते आणि डाव्या हाताने खडू धरते. रेघा वाकड्या येतात, तेव्हा ती त्यांना शिव्या देते. धाकटी मशीनवर बसते, पण मशीन तिने फिरवून घेतले आहे. उजेड आता डाव्या खांद्यावरून येतो, जरा कमी पडतो. तोंड मात्र टेबलाकडे आहे. आणि मी फडताळावर, रिळांच्या मधोमध. आजकाल चकती मुद्दाम फिरवलेली असते. ताई काही बेतायला लागली की आधी धाकटीला विचारते, "काढतेस ना?" आणि मग मला ऐकू जावे म्हणून मोठ्याने बोलते.

परवा भाऊंनी सांगितले की पोटातले चित्र त्यांनी दुसरीकडे उतरवून ठेवले आहे, आता तेवढी जागा मोकळी करायला हरकत नाही. ताई म्हणाली, "दुसरीकडे हवं तेवढं ठेवा. त्याच्या पोटातलं त्याच्या पोटात राहू दे. एवढी वर्षं सांभाळलंय त्यानं."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या खणात माझा कुणी भाऊबंद पडलेला असेल. त्याला झोपवताना त्याचे सेल काढा. अडकला तर ठोकू नका, फुंकर घाला. तो घाईने 'होय का' विचारेल तेव्हा घाईने होय म्हणू नका. आणि काही सापडत नसेल तर एकदा कार्ड काढून पाहा. आणि घरातले कुणी म्हणाले की आत्ता इथे होते, मी पाहिले, तर त्याला स्वप्न पडले असेल असे म्हणण्याआधी एकदा रस्ता ओलांडून जा, धाकटी गेली तशी.

आता मला थांबले पाहिजे. ताईने खडू उचलला आहे.